परतीचे आकडे

४ फेब्रुवारी

धाकट्या,

दोन वर्षं चार महिन्यांनी तुझं पत्र आलं. त्यात नऊ शब्द आहेत. ‘पांढऱ्या वहीतले आपल्या गाडीचे आकडे पाठव. बाकी काही नको.’ वर मायना नाही, खाली सही नाही, मधे भाऊ नाही. आपल्या वडिलांनी ज्या दोघांकडून सकाळच्या चहाआधी संस्कृत धातू घोकून घेतले, त्यांतला एक पुढे असा हिशोबाने शब्द खर्च करील हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी तुझा चहाच बंद केला असता. रस नऊ म्हणून शब्द नऊ, असा काही विचार होता का? असला तर आठ वाया गेले. माझ्यापर्यंत एकच पोचला, बीभत्स. त्याचा स्थायीभाव जुगुप्सा. वर्कशॉपच्या भाषेत शिसारी.

आकडे मी पाठवणार नाही.

कशाला हवेत ते तू लिहिलं नाहीस, पण ते मला ओळखता येतं. तिकडे कुणाची तरी रोज रस्त्यावर चालणारी, सरळमार्गी गाडी तुझ्या हाती लागली असणार आणि तिला आता शर्यतीच्या पट्ट्यावर उडी मारायला शिकवायची असणार. हिरवा दिवा लागला की तिने नाक आभाळाकडे करायचं, बूड जमिनीला टेकवायचं, सगळं वजन मागच्या चाकांवर टाकायचं आणि पहिली साठ फुटं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवायची. त्यासाठी पुढचे शॉक सैल सोडायचे, मागचे आवळायचे, उजव्या स्प्रिंगमधली हवेची पिशवी फुगवायची. चांगल्या घरातल्या गाडीला उकिरड्यावरच्या कोंबड्यासारखं छाती काढून उभं राहायला शिकवायचं, ही आपली विद्या. ‘आपली’ म्हणालो, कारण हात तुझे होते आणि डोकं माझं. ते नाकारत नाही. किळस येते ती त्याचीच.

त्या पट्ट्यावरचा वास अजून माझ्या नाकात आहे. जळलेलं रबर, सांडलेलं पेट्रोल, आणि शंभर माणसांचा घाम. माणसं तो धूर अत्तरासारखा हुंगायची. आठवतं का, तो जाडा गृहस्थ, ज्याच्या हनुवटीवरून सॉस ओघळत होता? आपली गाडी सुटल्यावर तो मला मिठी मारून म्हणाला, ‘काय उचलते हो पुढून.’ तो सॉस माझ्या कॉलरवर आला. मी तो सदरा नंतर घातला नाही.

आणि त्यानंतर काय झालं, ते तू विसरला असशील म्हणून लिहितो. आपल्या घरात गाडी एकच होती. शनिवारी ती पट्ट्यावर उडायची, बाकी सहा दिवस त्याच गाडीतून घरची कामं व्हायची. म्हणून आपण नियम केला होता, आणि केला होता तोही तूच. पट्ट्यावरची मांडणी गाडीत असेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं हवं. किल्ली खुंटीवर असली तरी लाल दिसलं की कुणी गाडीला हात लावायचा नाही. परतीची मांडणी झाली की फडकं सोडायचं. तुझ्या वहिनीने त्यासाठी कापडाच्या उरल्यासुरल्यातून खास तुकडा शिवून दिला होता, कडा दुमडून. शिवणकाम करणाऱ्या बाईला फडक्याच्याही कडा सुटलेल्या चालत नाहीत.

त्या शनिवारी तिने स्टिअरिंग पाहिलं. लाल नव्हतं. ती कपडे पोचवायला निघाली. बाजारामागच्या वळणावर सायकलवाला आडवा आला, तिने चाक फिरवलं, गाडी होडीसारखी कलली आणि मागून निसटून भिंतीवर गेली. तिच्या उजव्या मनगटाचे तीन तुकडे झाले. हाडं जुळली. अंगठा अजून जुळलेला नाही. तिला कात्री मिटता येत नाही. कापड बेतते ती, कापतं दुसरंच कुणीतरी, आणि ते वाकडं कापतं तेव्हा ती काही बोलत नाही.

तरी तू आकडे मागतोस. धन्य.

तुझं पत्र मी डेंटरला वाचून दाखवलं. शेजारच्या गाळ्यात पत्रे ठोकून ठोकून तो बहिरा झाला आहे, त्यामुळे वाचून दाखवणं म्हणजे जाहीर सभाच. तो म्हणाला, ‘बरं आहे शास्त्री. आकडे मागतोय म्हणजे जिवंत आहे. मेलेली माणसं आकडे मागत नाहीत.’ तुझ्या वहिनीने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘देऊन टाका की. तुमचे थोडेच आहेत?’

माझेच आहेत. माझ्या अक्षरात आहेत.

तुझा वडीलभाऊ
(नात्याने)


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

या वेळी तू पाऊण पान लिहिलंस. त्यातलं एक वाक्य मी इथे उतरवून काढतो, म्हणजे आपण काय लिहिलं होतं हे तुला कळेल आणि आपण काय वाचलं हे मला.

‘उडीचे आकडे माझे तोंडपाठ आहेत, दादा. मला परतीचे हवेत.’

वडील म्हणायचे, अर्थ न कळता टीका लिहिणारा माणूस टीकाकार नव्हे, वाचाळ. तर मागचं पत्र वाचाळाने लिहिलं होतं असं समज. तुझ्याकडे आपल्याच जातीची गाडी आली आहे, तिचा मालक शनिवारी शर्यत खेळतो आणि सोमवारी त्याच गाडीतून आईला दवाखान्यात नेतो, आणि शर्यतीनंतर ती पुन्हा रस्त्याजोगी कशी करायची हे तिकडे कुणाला नीट येत नाही. तिकडचे लोक उडी बसवून देतात आणि हात झटकतात. हे वाचून मला ओळखीची शिसारी आली. हात झटकणं हा आपल्या धंद्यातला सर्वांत जुना व्यायाम आहे.

तू लिहिलंस की तू तिथे दोन फडकी बांधतोस. एक स्टिअरिंगला, एक किल्लीला. ते वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

आकडे लिहून घे.

पुढचे शॉक उडीसाठी तू शून्यावर सोडतोस. परतताना घड्याळाच्या दिशेने नऊ टिकटिक. दोन्हीकडे सारखे. कान लावून मोज, बोटावर विश्वास ठेवू नकोस. मागचे शॉक बारावर असतील, ते सहावर आण. हवेच्या पिशव्यांत उडीसाठी उजवीत पंचवीस आणि डावीत पाच ठेवतो आपण, कारण सुटताना इंजिन गाडीला पिळतं आणि उजवं मागचं चाक हलकं पडतं. रस्त्यावर ती पिळवटलेली गाडी म्हणजे एका पायात जाड चप्पल घातलेला माणूस. दोन्हीत आठ कर. मागच्या टायरांत हवा अठरा असेल, ती बत्तीस कर.

आणि आडवा दांडा. पुढच्या दोन चाकांना बांधून ठेवणारा, वळणावर गाडीला लोळू न देणारा. उडीच्या वेळी नाक मोकळं उठावं म्हणून आपण त्याची एक बाजू सोडून तारेने वर टांगतो. विसरला जातो तो हाच, कारण सरळ रस्त्यावर तो नसल्याचं कळतच नाही. तो जोडताना गाडी जॅकवर ठेवून जोडू नकोस. चाकांवर उभी करून, तिच्या स्वतःच्या वजनाखाली नट आवळ, नाहीतर रबरं पिळलेली राहतात आणि महिन्याभरात फाटतात. मग दोन वळणं स्वतः घे. दुसऱ्याला घ्यायला लावू नकोस.

हे सगळं पांढऱ्या वहीत आहे. वही मी पाठवत नाही. ती वही माझी एकमेव स्वच्छ वस्तू आहे. तीस वर्षं गाड्यांखाली निजूनही मला हाताचं ग्रीस सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. तू आणि डेंटर मिळून हसायचात की शास्त्री नट खोलायच्या आधी साबण शोधतो. हसा. त्या वहीच्या एकशे दहा पानांवर बोटाचा एक ठसा नाही.

इकडचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. धंदा जोरात आहे. का, ते ऐकलंस तर तुलाही ओकारी येईल. आपली गाडी भिंतीला धडकली ही बातमी पसरली, आणि तिच्याबरोबर हेही पसरलं की ही गाडी पुढून हातभर उचलत होती. तुझ्या वहिनीचा हात प्लास्टरमध्ये असताना पहिलं गिऱ्हाईक आलं. हातात फुलं होती. तिची विचारपूस केली, खुर्चीवर बसून पाणी प्यायलं आणि मग घसा खाकरून मला म्हणालं, ‘तीच मांडणी माझ्या गाडीत बसेल का?’

बसवून दिली. सगळ्यांना बसवून देतो. आणि प्रत्येकाला फडक्याचा नियम सांगतो, त्याला जोडून तुझी गोष्ट. माझा धाकटा भाऊ एकदा फडकं बांधायला विसरला, तर बघा माझ्या बायकोचा हात. लोक मान हलवतात. दृष्टान्ताशिवाय शास्त्र कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

तसं पाहिलं तर ते फडकं वाऱ्यानेही सुटलं असेल. काच खाली असेल. दर वेळी माणसाचाच दोष असतो असं नाही. मी हल्ली तसा विचार करू लागलो आहे.

वहिनी बरी आहे. तिने विचारलं आहे की तिकडे जेवणाचं काय करतोस.

दादा


१४ मार्च

धाकट्या,

तुझं तिसरं पत्र आलं. ‘काच बंद होती. गाठ दुहेरी मारली होती. आकडे बरोबर लागू पडले.’ आणि खाली, वेगळ्या शाईत, नंतर लिहिल्यासारखं: ‘तुझी गोष्ट इथपर्यंत आली आहे. तुझं कुठलं तरी गिऱ्हाईक इथल्या वर्कशॉपच्या मालकाला पट्ट्यावर भेटलं. भावजयीचा हात मोडणारा तो हाच का, असं मालकाने सगळ्यांसमोर विचारलं. आता माझ्या हातून निघालेली प्रत्येक गाडी दुसरा माणूस पुन्हा तपासतो. महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाला. मी काही मागत नाही. फक्त गोष्ट सांगणं थांबव.’

हे पत्र घेऊन मी दुपारभर वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बसलो. डेंटरने डोकावून विचारलं, ‘काय शास्त्री, कुणी गेलं का?’ मी म्हणालो, ‘अजून नाही.’ तो म्हणाला, ‘मग चेहरा असा का, कुजलेल्या बटाट्याला हात लागल्यासारखा?’ बहिरी माणसं फार नीट बघतात.

आता जे लिहितो ते मालकाला दाखव. म्हणून साध्या भाषेत लिहितो. या पत्रात एकही संस्कृत शब्द अडला तर मला विचार, पण अडणार नाही. असल्या गोष्टीला ती भाषा लागत नाही.

त्या शनिवारी आपण तीन वाजता पट्ट्यावरून परतलो. तू गाडी अंगणात लावलीस. लाल फडकं स्टिअरिंगला बांधलंस. मी शेजारच्या सीटवरच होतो, मी पाहिलं. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. किल्ली खुंटीवर लावलीस आणि म्हणालास, ‘दादा, जरा आंघोळ करून येतो, मग दांडा जोडू.’ मी हो म्हणालो.

मी गाडीतच थांबलो, कारण दिवसाचे आकडे वहीत उतरवायचे होते. त्या दिवशी ती आजवरची सर्वांत चांगली उडी होती आणि मला ती विसरण्याआधी लिहायची होती. वही मांडीवर घेतली, पेन काढलं, आणि बघतो तर हात काळे. पट्ट्यावर शेवटच्या फेरीआधी मीच मागचे शॉक आवळले होते. साबण घरात. खिशातला रुमाल त्या जाड्या गृहस्थाच्या सॉसने आधीच माखलेला, त्याला हात लावायची मला हिंमत होईना. वहीचं पान पांढरं होतं, धाकट्या. मी आजूबाजूला पाहिलं. स्टिअरिंगला एक स्वच्छ कापड होतं.

मी गाठ सोडली. दुहेरी होती म्हणून दात लावावे लागले. म्हणजे मी विसरून सहज सोडलं असंही नाही. चांगलं मिनिटभर खटपट करून सोडलं. एकेक बोट पुसलं. नखांच्या कडा पुसल्या. मग फडकं खिशात घातलं आणि लिहायला बसलो. पुढचे शॉक शून्य, मागचे बारा, उजवी पंचवीस, डावी पाच. अक्षर सुंदर आलं. लिहून झाल्यावर मी त्या पानाकडे थोडा वेळ बघत बसलो, आपलं मूल बघावं तसा. मग डेंटरने हाक मारली, एक वाकलेलं बॉनेट बघायला. वही काखेत घेऊन मी गेलो.

फडकं आहे आणि ते फडकं कशाचं आहे, हे दोन्ही मला ठाऊक होतं. पण हात स्वच्छ करताना मला त्यातलं फक्त कापड दिसलं. हे मी स्वतःला समजावून सांगण्यासाठी दोन वर्षं पुष्कळ शब्द वापरले. एकानेही काही धुतलं गेलं नाही.

दवाखान्यात कपाळावरचा घाम पुसायला मी खिशात हात घातला आणि लाल बाहेर आलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्याच्यावर माझ्या दहा बोटांचे दहा काळे डाग होते, इतके नीट की पोलिसांनी घेतले असते. मी ते परत खिशात घातलं. किती वेळ लागला म्हणशील, तर पापणी लवायला लागतो तेवढा. मग जिन्यावरून तू धावत आलास, ओल्या केसांनी, सदऱ्याची बटणं उलटसुलट लागलेली.

मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘फडकं का नाही बांधलंस?’

‘बांधलं होतं दादा.’

‘मग सुटलं कसं? पाय फुटले त्याला?’

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, तुला तेव्हाच कळलं होतं की मी काहीतरी लपवतोय, पण काय ते कळलं नव्हतं. लहानपणी चूक माझी असली की मी आवाज चढवायचो, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? डॉक्टर बाहेर आले, वहिनीच्या अंगठ्याचं बोलले, आणि मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणखी चढ्या आवाजात. आठवड्याने तू गेलास. मला हलकं वाटलं. हे लिहायला अवघड जातंय, पण लिहितो. तू फाटकातून बाहेर पडलास तेव्हा मला हलकं वाटलं.

पुढे मी ती गोष्ट सांगत राहिलो. एकदा सांगितली असती तर खोटं म्हटलं असतं. मी ती सत्तर-ऐंशी वेळा सांगितली, प्रत्येक वेळी थोडी घासूनपुसून, कुठे थांबायचं, कुठे तिच्या हाताकडे बोट दाखवायचं ते ठरवून. ती समोर बसलेली असायची, डाव्या हाताने गुंड्या वेगळ्या करत. तिचा हात मी गिऱ्हाइकांना दाखवायच्या मालासारखा वापरला. जाड्याच्या हनुवटीवरचा सॉस मला आठवतो आणि मला त्याची शिसारी येते, असं मी तुला पहिल्या पत्रात ऐटीत लिहिलं. त्याचा सॉस कॉलरवर आला होता. माझी घाण कुठे कुठे गेलीय, ते मोजायला मी तुझ्या मालकाकडूनच तो तपासणारा माणूस मागवला पाहिजे.

मालकांना: माझ्या भावाने फडकं बांधलं होतं. ते मी सोडलं. तो काही विसरला नाही, मी विसरलो. त्याच्या हातून निघालेली गाडी पुन्हा तपासायची गरज नाही. तपासायचीच असेल, तर माझ्या हातून निघालेल्या तपासा.

धाकट्या, पाकिटात ते फडकं ठेवतो आहे. धुतलेलं नाही. वहीतलं त्या दिवसाचं पानही फाडून ठेवतो आहे. बघ, एक डाग नाही.

सोमवारपासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जी गोष्ट सांगेन, ती ही. लोक उठून जातील तर जावोत. 

काल मी हे सगळं तुझ्या वहिनीला सांगायला बसलो. दारं लावली, पाणी प्यायलो, घसा साफ केला. ती म्हणाली, ‘फडक्याचं ना?’

मी हातातला पेला खाली ठेवला.

ती म्हणाली, ‘मामंजींच्या शब्दकोशाच्या पेटीत ठेवलंय तुम्ही, तिसऱ्या खंडाखाली. कसर लागते म्हणून ती पेटी दर सहा महिन्यांनी कोण उन्हात ठेवतं, असं वाटलं तुम्हाला? चार वेळा काढलं, चार वेळा होतं तसं ठेवलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘मी बोलले असते तर तुम्ही कबूल केलं असतं. मला ते नको होतं. तुम्ही आपणहून सांगायला हवं होतं.’ मग म्हणाली, ‘भाऊजींनाही मी लिहिणार होते. पण डाव्या हाताने ओळ नीट येत नव्हती, आणि असं पत्र वेड्यावाकड्या अक्षरात कोण खरं मानणार? म्हणून सराव करत होते. रोज एक पान. मागच्या महिन्यात जमायला लागलं. तुम्ही नसतं सांगितलं, तर या महिन्यात मी लिहिणार होते.’

ती गुंड्या घेऊन बसत असे, आणि मी नसलो की लिहीत असे. मला दोन वर्षांत दिसलं नाही. मला स्वच्छ कापड तेवढं दिसतं.

क्षमा मागत नाही. मागितली की तुझ्यावर द्यायचं ओझं येतं, आणि तुझ्यावर माझी ओझी पुरे झाली.

दादा


(याच पत्राच्या पाठीवर)

भाऊजी,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, तरी वाचता यावं.

यांचं पत्र मी वाचलं. स्वतःला फार चांगल्या भाषेत शिव्या घातल्या आहेत, तेवढ्या सोडा, बाकीचं खरं आहे. मालकांना दाखवा. पान पाठवते आहे.

फडकं मात्र मी पाकिटातून काढून घेतलं. ते पाठवायची वस्तू नाही. आपली गाडी अजून मागच्या अंगणात तशीच उभी आहे, पत्रा चेपलेला, आडवा दांडा तारेला टांगलेला. यांना मी तिला हात लावू दिलेला नाही आणि विकूही दिलेली नाही. रोज सकाळी हे तिच्यावरची धूळ बघतात आणि पुसायला पुढे होतात, मी नको म्हणते.

तर दांडा सुटा आहे, म्हणजे नियमाप्रमाणे स्टिअरिंगला लाल हवं. आज मी ते नेऊन लावायला गेले. एका हाताने दुहेरी गाठ बसत नाही. यांना मी बांधू देणार नाही.

तेवढी गाठ मारायला या.

वहिनी